मिठाखालचं पाणी कोणाचं?

लिथियमच्या खाणी आणि त्यांच्याभोवतीचे तंटे यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : लिथियम ज्या पाण्यातून काढतात ते समुद्रापेक्षा कितीतरी खारट असतं. ते पिता येत नाही, शेतीलाही देता येत नाही. मग ते उपसलं तर स्थानिक लोकांचं काय बिघडतं?

पाणी निरुपयोगी आहे हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. चिलीतल्या अताकामा सालारच्या गाभ्यातलं ब्राइन, म्हणजे हे अतिखारट पाणी, समुद्राच्या पाण्याच्या साधारण दहापट खारट असतं. सालार म्हणजे डोंगरांनी वेढलेलं, पाण्याला बाहेर पडायला वाट नसलेलं मिठाचं मैदान. गाभ्यात काहीच उगवत नाही आणि तिथे कुणी राहतही नाही. जे बिघडतं ते काठावर.

त्याचं कारण जमिनीखालच्या रचनेत आहे. पूर्वेला अँडीजवर पडणारा पाऊस आणि बर्फ जमिनीत मुरतो आणि खालून हळूहळू सालारकडे सरकतो. हे गोडं पाणी हलकं असतं, ब्राइन जड. एक लिटर ब्राइनचं वजन सुमारे एक किलो दोनशे ग्रॅम भरतं. दोन्ही समोरासमोर आली की सहजी मिसळत नाहीत. ब्राइनची तिरपी पाचर तयार होते, गोडं पाणी तिच्या पाठीवरून वर चढतं आणि सालारच्या कडेला जमिनीबाहेर येतं. फ्लेमिंगोंची उथळ तळी, ओलसर कुरणं, अल्गारोबो आणि तामारुगोची झाडं हे सगळं याच अरुंद पट्ट्यात असतं. तोकोनाओ, कामार, पेइने ही लिकान अंताय या आदिवासी लोकांची गावंही याच काठाने वसली आहेत. गाभ्यात पाऊस वर्षाला काही मिलिमीटर पडतो. पट्ट्याचं जगणं जमिनीखालच्या त्या ओघावर चालतं.

आता गाभ्यातून ब्राइन उपसलं की तिथली पातळी उतरते आणि पाचरही उतरते. तिच्या पाठीवरून वर येणारं गोडं पाणी मग खालीच राहतं किंवा गाभ्याच्या दिशेने ओढलं जातं. हा परिणाम काठापर्यंत पोचायला कितीतरी वर्षं लागतात, आणि यातच खरी अडचण आहे. तळं आक्रसलेलं दिसेपर्यंत त्यामागचा उपसा होऊन गेलेला असतो. त्या दिवशी पंप थांबवले तरी पातळी लगेच सावरत नाही.

परिणाम नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. काठाजवळची जमीन बरीच घट्ट आहे, त्यामुळे ब्राइनच्या उपशाचा धक्का तिथपर्यंत मंद होऊन पोचतो, असं काहींचं म्हणणं आहे. काठावरच्या विहिरींतून थेट काढलं जाणारं गोडं पाणी जास्त घातक आहे, असंही ते म्हणतात. ते पाणी फक्त लिथियमवाले काढत नाहीत, तांब्याच्या खाणीही काढतात. २०२२ मध्ये चिली सरकारने मोंतुराकी-नेग्रियार-तिलोपोसो या भूजलसाठ्याच्या हानीबद्दल दावा लावला तो एस्कोन्दिदा आणि साल्दीवार या तांब्याच्या खाणींवर आणि लिथियमच्या आल्बमार्ल कंपनीवर, तिघांवर एकत्र. मात्र वाद असला तरी उपसा सुरू ठेवायला हरकत नाही असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-रडारच्या अभ्यासात अताकामा सालारचा नैऋत्य भाग वर्षाला एक ते दोन सेंटिमीटर खचताना दिसला, आणि ब्राइनचे पंप नेमके त्याच भागात आहेत. २०२२ च्या एका अभ्यासात याच सालारवर फ्लेमिंगोंच्या दोन जातींची संख्या अकरा वर्षांत १० ते १२ टक्क्यांनी घटल्याचं नोंदलं गेलं.

या सगळ्यात कायद्याची एक गाठ आहे. चिलीत ब्राइन हे पाणी धरलं जात नाही, खनिज धरलं जातं. गोड्या पाण्याचे हक्क देणारं खातं वेगळं आणि ब्राइनचा उपसा ठरवणारे करार व पर्यावरण परवाने वेगळे. एकाच खोऱ्यातलं एकमेकांना टेकलेलं पाणी दोन वह्यांत लिहिलं जातं. या स्तंभातल्या बहुतेक उत्तरांचं मूळ या दोन वह्यांत सापडेल.

प्रश्न : एक टन लिथियमला कुठे पाच लाख लिटर पाणी लागतं म्हणतात, कुठे वीस लाख. नेमका आकडा कोणता?

आकडा कशाचा आहे ते आधी विचारा. लिथियम धातूचा की लिथियम कार्बोनेटचा? ब्राइनचा की गोड्या पाण्याचा? इथेच निम्मा गोंधळ होतो.

हिशेब घरी करता येतो. एक टन कार्बोनेटमध्ये लिथियम असतं १८८ किलो. अताकामाच्या ब्राइनमध्ये लिटरमागे दीड ग्रॅम लिथियम धरू. सगळं हाती लागलं तर सव्वा लाख लिटर ब्राइन पुरेल. पण तळ्यांत साचणाऱ्या मिठात बरंचसं लिथियम अडकून वाया जातं. निम्मंच हाती आलं तर अडीच लाख लिटर. अर्जेंटिनातल्या काही सालारांत लिटरला साडेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपासच लिथियम असतं. तिथे त्याच गणिताने आकडा पावणेसहा लाखांवर जातो. कार्बोनेटऐवजी शुद्ध लिथियमच्या टनाचा हिशेब मांडला की प्रत्येक आकड्याला पाच पूर्णांक तीनने गुणावं लागतं. म्हणजे वीस लाखांचा आकडाही खोटा नाही, तो दुसऱ्या गोष्टीचा आहे.

हे पाणी जातं कुठे? हवेत. ब्राइन वर खेचून प्लॅस्टिकचं अस्तर घातलेल्या उथळ तळ्यांत सोडतात. ऊन आणि वारा पाणी उडवतात. आधी साधं मीठ खाली बसतं, मग पोटॅशची मिठं, मग मॅग्नेशियमची. मीठ साचलं की उरलेलं द्रावण पुढच्या तळ्यात ढकलतात. बारा ते अठरा महिन्यांनी ०.१५ टक्क्यांच्या द्रावणाचं सहा टक्क्यांचं, तेलासारखं पिवळसर द्रावण होतं. ते टँकरने आंतोफागास्ता शहराजवळच्या कारखान्यात जातं. तिथे उरलेलं मॅग्नेशियम व बोरॉन काढून सोडा अॅश घातली की कार्बोनेटचा पांढरा साका बसतो. मॅग्नेशियम जितकं जास्त तितका ते काढायला लागणारा चुना जास्त, गाळ जास्त आणि नासाडीही जास्त. अताकामात लिथियमच्या सहापट मॅग्नेशियम आहे, बोलिव्हियाच्या उयुनीत सुमारे वीसपट, शिवाय तिथे पावसाळा बरा होतो. जगातला एक सर्वांत मोठा साठा असूनही बोलिव्हियाचं उत्पादन रखडलं, याचं एक कारण राजकारण आहे आणि दुसरं हे.

प्रश्न : तळी न करता थेट लिथियम वेचून घेण्याचं तंत्र आलं आहे म्हणे. मग पाण्याचा प्रश्न मिटेल ना?

काही भाग मिटेल, काही भाग जागा बदलेल. या तंत्रात ब्राइन एका खास पदार्थाच्या दाण्यांवरून नेतात. दाण्यांना फक्त लिथियम चिकटतं आणि बाकीचं ब्राइन पुढे निघून जातं. महिन्यांचं काम तासांवर येतं आणि लिथियमही जास्त हाती लागतं. उरलेलं ब्राइन परत जमिनीत सोडता येतं.

आता पुढचे प्रश्न. दाण्यांना चिकटलेलं लिथियम धुऊन काढायला काय वापरतात? बऱ्याच पद्धतींत गोडं पाणी, आणि तेही भरपूर. ते पुन्हा शुद्ध करून वापरलं तर ठीक, पण त्याला वीज लागते. ब्राइन कुठे परत सोडणार? उपशाच्या विहिरीजवळ सोडलं तर लिथियम नसलेलं द्रावण साठ्यात मिसळून साठाच पातळ होतो, म्हणून कंपनीला ते दूर सोडायचं असतं. दूर म्हणजे काठाकडे सोडलं तर पाचर उलट्या दिशेने हलते.

याचा धडा अर्जेंटिनातल्या कातामार्का प्रांतात आधीच मिळाला आहे. सालार देल ओम्ब्रे मुएर्तोवर १९९७ च्या सुमाराला सुरू झालेला प्रकल्प वेचणीच्याच तंत्राच्या एका प्रकारावर चालतो. त्यासाठी गोडं पाणी त्रापिचे नदीतून घेतलं गेलं. त्या नदीकाठचं कुरण सुकलं. कोणी तंत्र पुढे केलं तर गोड्या पाण्याचा आकडा टनामागे किती लिटर आणि तो कुठल्या ओढ्यातून, हे दोन प्रश्न आधी टाका.

प्रश्न : पर्यावरण अहवाल हजारो पानांचे असतात. तज्ज्ञ नसलेल्या माणसाने त्यात पाहायचं काय?

सगळं वाचायला जाऊ नका. आधी पाण्याचा ताळेबंद काढा: खोऱ्यात वर्षाला किती येतं, बाष्पीभवनाने किती जातं, आत्ता किती उपसा चालू आहे, नव्याने किती मागितला आहे. चारही आकडे एकाच एककात करून घ्या. सेकंदाला लिटर हे एकक फार फसवं आहे, ते लहान वाटतं. आल्बमार्लच्या अताकामातल्या परवान्यात २०१६ पासून ब्राइनची मर्यादा सेकंदाला ४४२ लिटर आहे. दिवसाला ते तीन कोटी ऐंशी लाख लिटर होतात. ताळेबंदात ‘आत्ताचा उपसा’ या रकान्यात फक्त अर्जदार कंपनीचाच आकडा दिसला तर अहवाल तिथेच थांबवा आणि शेजाऱ्यांचे आकडे मागा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. प्रत्येक कंपनी भूजलाचं आपलं गणिती प्रतिमान आपल्या विहिरींच्या नोंदींवर बेतते आणि आपला परिणाम नगण्य ठरवते. पाच नगण्य परिणामांची बेरीज कुणीच करत नाही. कातामार्काच्या प्रांतिक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ओम्ब्रे मुएर्तो आणि लोस पातोस नदीच्या परिसरात नवे परवाने थांबवले ते याच मुद्द्यावर. सगळ्या प्रकल्पांचा एकत्रित अभ्यास झाल्याशिवाय पुढचा परवाना नको, असा तो आदेश होता. भारत सरकारच्या काबिल कंपनीने लिथियमच्या शोधासाठी घेतलेले पाच ब्लॉक याच प्रांतात आहेत, हे जाता जाता सांगायला हवं.

मग आधारनोंद पाहा, म्हणजे प्रकल्पापूर्वीची स्थिती. किती वर्षांची आहे? एका उन्हाळ्याच्या आणि एका हिवाळ्याच्या मापावर उभी असेल तर ती निकामी आहे. दुष्काळाच्या वर्षात मापं घेतली तर पुढे पातळी उतरली तरी ‘पूर्वीही अशीच होती’ म्हणता येतं. निरीक्षण-विहिरी कुठे खोदल्या आहेत तेही नकाशावर बघा. सगळ्या गाभ्यात असतील आणि पाचरीच्या पट्ट्यात एकही नसेल, तर काठावर काय होतंय ते कधीच नोंदलं जाणार नाही.

तिसरी गोष्ट धोक्याच्या पातळ्यांची. चांगल्या आराखड्यात प्रत्येक निरीक्षण-विहिरीला दोन खुणा असतात. पहिली ओलांडली की मापं वाढवायची, दुसरी ओलांडली की उपसा कमी करायचा. उपसा किती दिवसांत, किती टक्क्यांनी कमी होणार आणि तो निर्णय कोण घेणार, हे आकड्यांत लिहिलेलं हवं. ‘योग्य ती उपाययोजना केली जाईल’ या वाक्यावर कुठलाही पंप बंद पडत नाही.

हे कागदावरचं प्रत्यक्षात कसं कोलमडतं, ते अताकामातल्याच एसक्यूएम या लिथियम कंपनीच्या प्रकरणात दिसतं. तिच्या परवान्यात झाडांवर नजर ठेवण्याची अट होती, कारण अल्गारोबोची मुळं खोल जातात आणि भूजल उतरलं की झाड ते दाखवतं. २०१३ च्या सरकारी तपासणीत कामारच्या विहिरीजवळची सुमारे एक तृतीयांश झाडं मेलेली आढळली. २०१६ मध्ये पर्यावरण देखरेख खात्याने कंपनीवर आरोप ठेवले. मंजुरीपेक्षा जास्त ब्राइन उपसणं आणि झाडांची हानी ठीक न नोंदवणं, हे त्यातले दोन. जानेवारी २०१९ मध्ये खात्याने कंपनीची अडीच कोटी डॉलरची सुधारणा-योजना मान्य केली. स्थानिक समुदाय न्यायालयात गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आंतोफागास्ताच्या पर्यावरण न्यायालयाने ती मान्यता रद्द केली. सालारची परिसंस्था नाजूक आहे, शास्त्रीय अनिश्चितता मोठी आहे, तेव्हा खबरदारीच्या तत्त्वाने चाललं पाहिजे, असा त्या निकालाचा रोख होता. नवी योजना मान्य व्हायला २०२२ उजाडलं. २०१३ ते २०२२, या नऊ वर्षांत पंप थांबले नाहीत. कोणतंही देखरेखीचं खातं तपासताना त्याच्याकडे दंडाची ताकद किती यापेक्षा उपसा तात्पुरता थांबवण्याची ताकद आहे का, हे आधी पाहावं असं आम्हाला वाटतं ते यामुळे.

आणखी एक: मीटरची नोंद थेट सरकारकडे जाते की कंपनीमार्गे? कंपनीमार्गे जात असेल तर कच्च्या नोंदी मागण्याचा हक्क परवान्यात लिहून घ्यावा. अताकामा समुदायांच्या परिषदेने आपलं स्वतःचं पर्यावरण पथक उभं केलं आहे. त्यांचे लोक स्वतः पातळी मोजतात. समुदायांच्या हाती स्वतःचा आकडा असला की वाटाघाटींत बोलण्याचा सूर बदलतो.

प्रश्न : आदिवासी समुदायांची ‘आगाऊ संमती’ घ्यावी लागते असं वाचलं. तरी आंदोलनं का होतात?

कागदावर आधार भक्कम आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८९ चा करार क्रमांक १६९ बोलिव्हियाने १९९१ मध्ये, अर्जेंटिनाने २००० मध्ये आणि चिलीने २००८ मध्ये मान्य केला. पण करारात मुख्य शब्द सल्लामसलतीचा आहे. सल्ला घेतला, लोक नाही म्हणाले, तर काय? तिथे प्रत्येक सरकार आपला अर्थ लावतं.

चुका साधारण तीन टप्प्यांवर होतात. पहिली, फार उशिरा विचारणं. शोधाच्या टप्प्यात ‘नुसती बोअर मारतोय’ म्हणून विचारतच नाहीत. पण बोअरनेही गोड्या पाण्याचा थर फुटू शकतो, आणि एकदा साठा जाहीर झाला, शेअर बाजारात आकडा गेला की मागे फिरायला जागा राहत नाही. दुसरी, चुकीच्या माणसांना विचारणं. खाणीच्या हद्दीतल्या गावाला विचारतात, त्याच खोऱ्यातल्या खालच्या अंगाच्या गावाला विचारत नाहीत. गावागावाशी वेगळे करार होतात. एकाला रस्ता, एकाला रोख रक्कम, एकाला काहीच नाही, आणि मग शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात. तिसरी, समजण्याजोगं न सांगणं.

या तिन्हींवर उत्तर म्हणून अर्जेंटिनाच्या सालिनास ग्रान्देस आणि ग्वायातायोक खोऱ्यातल्या ३३ समुदायांनी २०१५ मध्ये ‘काची युपी’, म्हणजे मिठाच्या पाऊलखुणा, या नावाने आपली सल्लामसलतीची पद्धत स्वतः लिहून काढली. विचारायचं कोणाला, किती आधी, माहिती कुठल्या भाषेत, निर्णय कसा होणार, हे सगळं त्यात आहे. मिठाचं त्यांच्या जगण्यातलं स्थानही त्यात आहे. मीठ हे त्यांच्या लेखी पीक आहे, त्याला पेरणीचा आणि काढणीचा हंगाम असतो. जिथे मीठ पिकतं तिथे खनिजाचा पट्टा आखणं म्हणजे शेत ताब्यात घेणं, हा त्यांचा युक्तिवाद त्यातून येतो. प्रांतिक सरकार त्याप्रमाणे वागलं नाही. जून २०२३ मध्ये हुहुई प्रांताने घाईघाईने राज्यघटना बदलली. जमिनीवरचे आणि आंदोलनाचे हक्क त्यात आवळले जातील या भीतीने लोकांनी पुर्मामार्कासह ठिकठिकाणी रस्ते रोखले. पोलिसांनी रबरी गोळ्या आणि अश्रुधूर वापरला. मग एक मोर्चा थेट ब्युनोस आयर्सला गेला.

सल्ला न घेतल्याची किंमत सरकारांनाही मोजावी लागते. चिलीत जानेवारी २०२२ मध्ये निवृत्तीच्या वाटेवरच्या सरकारने लिथियमच्या कोट्याचा लिलाव केला. जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि समुदायांना विचारलं नाही हे त्याचं कारण होतं.

प्रश्न : रॉयल्टी किती मिळते, आणि ती गावापर्यंत पोचते का?

देशागणिक जमीन-अस्मानाचा फरक आहे. चिलीने १९७९ मध्येच लिथियम राखीव ठेवलं, त्यामुळे अताकामात जमीन सरकारी कोर्फो संस्थेची आणि कंपन्या भाडेकरू. कोर्फोने आल्बमार्लशी २०१६ मध्ये आणि एसक्यूएमशी २०१८ मध्ये नवे करार केले, त्यात दर किमतीबरोबर चढतो. कार्बोनेटच्या टनाला पहिल्या ४,००० डॉलरवर ६.८ टक्के, पुढच्या हजारावर ८, त्यापुढच्या हजारावर १०, मग १७, सात ते दहा हजारांच्या टप्प्यावर २५ आणि दहा हजारांवरच्या भागावर ४० टक्के. बातम्यांत ‘४० टक्के रॉयल्टी’ म्हणतात ते अर्धसत्य आहे, कारण दर त्या त्या टप्प्यापुरता लागतो. टनाला १५,००० डॉलर भाव असेल तर रॉयल्टी ३,३७२ डॉलर, म्हणजे साडेबावीस टक्के होते. तरीही ती जगात बरीच वरची आहे.

अर्जेंटिनात खनिजं प्रांतांची, आणि १९९३ च्या गुंतवणूक कायद्याने रॉयल्टीला तीन टक्क्यांचं झाकण घातलं होतं. तीन टक्के तरी कशाचे? खाणीच्या तोंडाशी असलेल्या मूल्याचे, खर्च वजा जाता. शिवाय कंपनी आपल्याच दुसऱ्या देशातल्या शाखेला स्वस्तात माल विकल्याचं दाखवते की काय, हा संशय कायम असतो. म्हणून २०२२ मध्ये तिथल्या कस्टम खात्याने निर्यातीसाठी किलोला ५३ डॉलर असा संदर्भभाव ठरवून दिला. रॉयल्टीचा करार वाचताना टक्केवारीच्या आधी ‘कुठल्या भावावर’ हे कलम शोधा. गळती तिथूनच होते. बोलिव्हियात २०१९ मध्ये पोतोसीच्या लोकांनी तीन टक्क्यांवर समाधान मानायला नकार दिला. आंदोलन एवढं वाढलं की जर्मन कंपनीबरोबरची भागीदारी सरकारला त्याच नोव्हेंबरात रद्द करावी लागली.

गावापर्यंत? आल्बमार्लच्या करारात विक्रीच्या साडेतीन टक्के रक्कम अताकामा समुदायांच्या परिषदेला जाते. या पैशातून पाण्याच्या योजना, शिष्यवृत्त्या आणि वर सांगितलेलं पर्यावरण पथक उभं राहिलं. पण २०२२ सारखा भाव चढला की अचानक प्रचंड रक्कम येते, नंतर भाव कोसळला की आटते, आणि वाटपावरून आतले वाद पेटतात. शिवाय आपलं पाणी उपसलं जावं तेवढी आपली मिळकत वाढते, हा पेच समुदायांवर लादला जातो. तो पेच त्यांच्या लालसेतून आलेला नाही, कराराच्या रचनेतून आला आहे. मिळकत उत्पादनाऐवजी पातळी राखण्याशी जोडता आली असती.

चिलीत आता पुढचा टप्पा सुरू आहे. २०२३ च्या राष्ट्रीय धोरणाने सरकारी भागीदारीचा आणि ३० टक्के सालारांच्या संरक्षणाचा मार्ग धरला. २०२४ च्या कराराने सरकारी कोदेल्को कंपनी आणि एसक्यूएम यांनी २०६० पर्यंत अताकामात एकत्र काम करायचं ठरवलं. कोदेल्कोकडे निम्म्याहून एक शेअर जास्त. सरकारच मालक झालं की सरकारचंच देखरेख खातं त्याच्यावर किती कडक राहील, यावर लक्ष ठेवायला हवं.

प्रश्न : युरोपात तर सालार नाहीत. सर्बिया, पोर्तुगालमध्ये विरोध कशाला?

तिथे लिथियम खडकात आहे. खडक फोडायचा म्हणजे खड्डा, बारीक भुकटी, तापवणं आणि आम्ल. नेहमीच्या स्पॉड्युमीन खडकात लिथियम ऑक्साइड सव्वा टक्क्याच्या आसपास असतं. एक टन कार्बोनेटसाठी साधारण पन्नास टन धातूक दळावं लागतं, वर फेकायचा दगड वेगळा. त्यातून वेगळा काढलेला सांद्र माल, म्हणजे लिथियमचं प्रमाण वाढवलेली भुकटी, हजार अंशांच्या वर भाजायचा, मग सल्फ्युरिक आम्लात परतायचा. उरलेला गाळ कायमचा कुठेतरी ठेवायचा. पाण्याऐवजी भांडण त्या ‘कुठेतरी’वरून होतं.

सर्बियाच्या यादार खोऱ्यात २००४ मध्ये सापडलेलं यादाराइट हे खनिज लिथियम आणि बोरॉन दोन्ही देतं. रिओ टिंटो कंपनीचा बेत वर्षाला ५८,००० टन कार्बोनेटचा होता. खोरं सुपीक, लोकवस्तीचं; यादार नदी द्रिना नदीच्या खोऱ्यातली. पुराच्या पट्ट्याजवळ आम्लाने काम करणारा कारखाना आणि गाळाचे ढीग, हे शेतकऱ्यांना पटलं नाही. २०२१ च्या अखेरीस देशभर रस्ते रोखले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये सरकारने परवाने काढून घेतले. जुलै २०२४ मध्ये घटना न्यायालयाने ते काढून घेणं घटनाबाह्य ठरवलं, त्याच महिन्यात सरकारने युरोपीय संघाशी करार केला, आणि ऑगस्टात बेलग्रेडमध्ये हजारो लोक पुन्हा उतरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने काम गुंडाळून प्रकल्प नुसता राखून ठेवण्याचं जाहीर केलं. वीस वर्षांत एक टनही निघाला नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी हा हिशेब मांडावा.

पोर्तुगालच्या बारोसोमध्ये मुद्दा सामाईक जमिनीचा आहे. तिथली डोंगरी चराई गावाची सामूहिक असते आणि त्या शेतीपद्धतीला अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये जागतिक कृषीवारशाचा दर्जा दिला. खाणीला २०२३ मध्ये सशर्त पर्यावरण मान्यता मिळाली. जमीन विकायला मालकच एकटा नाही, त्यामुळे ‘भाव द्या आणि घ्या’ ही नेहमीची वाट तिथे चालत नाही.

प्रश्न : झिम्बाब्वेने कच्च्या मालाची निर्यात बंद केली. त्याने फायदा झाला का?

डिसेंबर २०२२ च्या बंदीने कच्चं धातूक बाहेर जाणं कायद्याने थांबलं आणि कंपन्यांना देशात सांद्रीकरणाचे कारखाने घालावे लागले. त्यापुढची पायरी म्हणून २०२७ पासून सांद्र मालाचीही निर्यात बंद करण्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. मोठ्या कंपन्यांना ते झेपतं. हाताने खोदणाऱ्या हजारोंना कारखाना घालता येत नाही. त्यांना कायदेशीर खरेदीदार उरला नाही, आणि माल दलालांकडे पडेल त्या भावाने जाऊ लागला. अशी बंदी घालताना छोट्या खोदणाऱ्यांसाठी सरकारी खरेदी केंद्रं त्याच दिवशी सुरू व्हायला हवीत.

प्रश्न : बॅटरी ‘जबाबदार खाणीची’ असल्याचं प्रमाणपत्र दाखवतात. विश्वास ठेवावा का?

प्रमाणपत्रापेक्षा तपासणीचा अहवाल वाचा. इर्मा या मानकाखाली ५०, ७५, १०० अशा पायऱ्या असतात आणि प्रकरणवार गुण प्रसिद्ध होतात. २०२३ मध्ये अताकामातल्या आल्बमार्लला ५० ची आणि एसक्यूएमला ७५ ची पायरी मिळाली. एकूण पायरी सोडा, पाणी आणि संमती या दोन प्रकरणांचे गुण आणि तिथली टिपणं बघा. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांत कच्च्या मालाच्या उगमाची छाननी बंधनकारक आहे, पण तिची तारीख २०२७ वर ढकलली गेली. त्याच नियमांनुसार नव्या बॅटरीतलं किमान ६ टक्के लिथियम २०३१ पासून पुनर्वापरातून यावं लागेल, २०३६ पासून १२ टक्के.

मागणीच्या बाजूला ग्राहकाच्या हातात एक ठोस गोष्ट आहे, बॅटरीचा आकार. साठ किलोवॉट-तासांच्या गाडीत साधारण सहा ते आठ किलो लिथियम असतं, तीस किलोवॉट-तासांच्या गाडीत त्याच्या निम्मं. रोजचा प्रवास चाळीस किलोमीटरचा असेल तर पाचशे किलोमीटर पल्ल्याची बॅटरी घेऊन फिरण्याचं कारण नाही, आणि बसला तर माणशी त्याहूनही कितीतरी कमी लिथियम लागतं.